अकरा दिवसांची शिल्लक

धाकटी त्या खोलीत पहिल्यांदा शिरली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि पलीकडच्या पलंगावर कुणीतरी डोक्यावरून गोधडी घेऊन झोपलं होतं. विमानातून उतरून, दोन बॅगा ओढत, तीन जिने चढून आलेली पोरगी. पण शिष्टाचार म्हणून तिने बूट दाराशीच काढले, बॅगा आवाज न करता भिंतीला टेकवल्या आणि खुर्चीत अंग चोरून बसली. खोकला आला तो गिळला. तहान लागली ती मारली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. गोधडीखालचं माणूस हूं की चूं करेना, कूससुद्धा बदलेना. शिवाय माणूस फारच लहानखुरं दिसत होतं. धाकटीच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. शेवटी धीर करून ती उठली, गोधडीवर अलगद हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. अंग तापाने फणफणलेलं होतं.

नेमकं त्याच वेळी दार उघडलं आणि तिशी ओलांडलेली एक उंच, सडपातळ बाई खांद्यावरची कापडी पिशवी सावरत आत आली. धाकटीने ओठांवर बोट ठेवून तिला थांबवलं आणि कुजबुजत सांगितलं, की यांना फार ताप आहे, डॉक्टरला बोलवायला हवं. बाईने ऐकून घेतलं. मग ती पलंगाशी गेली. गोधडी बाजूला सारली, आतली शाल सोडली, शालीच्या आतला टॉवेल सोडला, आणि दोन्ही हातांनी एक पातेलं उचलून टेबलावर ठेवलं. झाकण काढताच वाफेचा लोट छताकडे गेला. आत डाळ होती, लोण्यासारखी शिजलेली.

"उतरला ताप," ती म्हणाली. "हात धुऊन ये, जेवून घे."

ही ताई. त्या इमारतीत, विद्यापीठात, खालच्या शिंपीकाकांच्या दुकानात, घरापासून लांब शिकायला आलेल्या सगळ्या मुलामुलींत तिला दुसरं नाव नव्हतं. धाकटीने पहिले दोन दिवस 'अहो ताई, तुम्ही' चालवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ताईने सांगून टाकलं, की एका खोलीत राहायचं, एका ताटात जेवायचं आणि अहोजाहो करायचं, हे काही जमणार नाही. तेव्हापासून 'तू'.

पातेल्याचं गणित असं होतं: चुलीला विजेचा वेगळा मीटर होता आणि त्याचं बिल भाडेकरूंनी भरायचं होतं. मग ताई डाळ दहा मिनिटं उकळायची, पातेलं टॉवेलात, शालीत आणि आईने दिलेल्या गोधडीत गुंडाळायची आणि तीन तास वर्गात जाऊन बसायची. डाळ आपली आपण शिजायची. थंडीच्या दिवसांत हेच पातेलं संध्याकाळी अंथरुणात पायाशी जायचं, म्हणजे भातही व्हायचा आणि पलंगही उबदार व्हायचा. धाकटीने आ वासून हे ऐकलं. तिच्या घरी काटकसर म्हणजे आईची कटकट, मन मारणं, नको तिथे नको म्हणणं. ही बाई मात्र एखाद्या गवयाने तान घ्यावी तशी पैसे वाचवत होती. तिच्या चेहऱ्यावर कष्ट दिसत नव्हते. दिसायचा तो आनंद, कसब साधल्याचा.

ताई घरी असताना एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. अकरा वर्षं तिने परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, विज्ञानाचे पाच शिक्षक आलेले आणि गेलेले पाहिले. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पदवी घेतली. शाळेच्या नळाला वर्षातले चार महिने गढूळ पाणी यायचं आणि पोरं ते तसंच प्यायची, हे तिच्या डोक्यात बसलं होतं. वाळू आणि कोळशाचे थर लावून ते पाणी स्वस्तात कसं गाळता येईल, या एका प्रश्नासाठी तेहतिसाव्या वर्षी तिने परदेशातल्या विद्यापीठाला अर्ज केला. निम्मी फी माफ झाली. उरलेली फी आणि राहण्याखाण्याचा खर्च हा सगळा तिच्या अकरा वर्षांच्या पगारातून उरलेला पैसा होता, एकही पै कुणाची नव्हती. दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, निघताना सांगून ठेवलं होतं, की सहा महिन्यांत पैसे संपतील आणि विमानतळावर तुला घ्यायला मलाच यावं लागेल, तेव्हा आधी कळव, मला रजा टाकावी लागते. ताई हे सांगताना हसायची. पण दर महिन्याच्या एक तारखेला ती दादाला दोनच शब्द कळवायची: 'अजून आहे.'

धाकटी वडिलांच्या पैशावर आली होती आणि सगळे नवखे करतात तेच करत होती. प्रत्येक किंमत मनात घरच्या पैशात करून पाहायची आणि धसका घ्यायची. एक कोबी घेताना तिचे डोळे पांढरे व्हायचे. ताईने तिचा हा खेळ आठवड्याभरात बंद पाडला. ताई आठवड्यातून तीन सकाळी इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या एका कारखान्यात चादरींच्या घड्या घालायला जायची, आणि तिचं सगळं मोजमाप चादरीत चालायचं. बसचं तिकीट म्हणजे अठरा चादरी, कॉफी म्हणजे बावीस. "घरच्या पैशात मोजलंस तर उपाशी मरशील," ती म्हणाली, "आणि इथल्या पैशात मोजलंस तर उधळशील. आपल्या हातांत मोज. बावीस चादरींच्या घड्या घालून मला ही कॉफी प्यायचीय का? कधीकधी असतेही प्यायची. मग प्यावी."

म्हणून काही ती कवडीचुंबक नव्हती. खोलीत कुणी आलं तर पातेल्यात पाणी न वाढवता डाळ वाढवायची. बाजार उठायच्या वेळी भाजीवालीकडून उरलेली फळं स्वस्तात घ्यायची, पण भाजीवालीच्या टोपल्या आवरायला हातभार लावल्याशिवाय हलायची नाही. वाचनालयातली कुठली खिडकी कुठल्या महिन्यात उन्हात असते, कुठल्या वारी कुठल्या विभागात मोफत पुस्तकं ठेवतात, शहराच्या कुठल्या गल्लीतून गेलं की वारा लागत नाही आणि बसशिवाय चाळीस मिनिटांत पोचता येतं, हे सगळं तिच्या जिभेच्या टोकावर. धाकटी तिच्यामागून चालायची आणि मनातल्या मनात नमस्कार करायची.

हा सगळा कारभार लांब, कापडी पुठ्ठ्याच्या एका वहीत असायचा. आल्या दिवसापासून प्रत्येक खर्च, साबणाच्या वडीपर्यंत. धाकटी गमतीने त्या वहीला 'पोथी' म्हणायची.

आता या कसबाने एकदा दगा कसा दिला ते ऐका.

धाकटी येण्याच्या सुमारास इमारतीचा पाणी तापवायचा बंब कायमचा बंद पडला. शिंपीकाका म्हणजे घरमालक. तळमजल्यावर त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान, आणि तोंडात सदैव दोन टाचण्या धरून बोलायची सवय. नवा बंब घ्यायला त्यांच्याकडे रोकड नव्हती. त्यांनी सगळ्या भाडेकरूंना सांगितलं, की जो वर्षाचं भाडं एकदम देईल त्याला दोन महिने माफ. मुलं हसली, एवढे पैसे एकदम कुणाकडे असणार? ताईकडे होते. तिने एक रात्र विचार केला आणि सकाळी आपल्या वाट्याच्या निम्म्या खोलीचं वर्षाचं भाडं शिंपीकाकांच्या हातावर ठेवलं. काकांच्या तोंडातली टाचणी खाली पडली. दोन महिन्यांचं भाडं, म्हणजे चादरीत मोजलं तर हजारांच्या हिशेबात, एका सहीने वाचलं. त्या आठवड्यात ताई हवेत चालत होती. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा सौदा होता. दोन महिन्यांनी तोच तिच्या गळ्याशी आला.

तिथे राहायचा परवाना ताईला चौदा महिन्यांचा मिळाला होता. शिक्षण संपायला अजून दहा महिने होते, म्हणून परवाना वाढवून घ्यायचा होता. त्याचा अर्ज भरताना धाकटी शेजारी बसून वाचत होती आणि एका ओळीपाशी थांबली. पुढच्या दहा महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च, सरकारने ठरवलेल्या दराने, आजच्या तारखेला बँकेच्या खात्यात दिसला पाहिजे. तेवढा नसेल तर पैसे जेवढे महिने पुरतील तेवढाच परवाना.

ताईने ओळ दोनदा वाचली. मग खात्याचा कागद काढला. धाकटीने भागाकार केला आणि आकडा मोठ्याने सांगायचं धाडस तिला झालं नाही.

"बोल," ताई म्हणाली.

"तीन महिने."

भाडं आगाऊ भरलं नसतं तर खातं गलेलठ्ठ दिसलं असतं. उधळणारी पोरं बापाच्या पैशाने भरलेली खाती दाखवून पार होत होती, आणि जिने वर्षभराचं छप्पर आधीच विकत घेतलं होतं तिचं खातं सुकलेलं. हसावं की रडावं असा प्रकार. धाकटी धावत शिंपीकाकांकडे गेली. ते बिचारे कानकोंडे झाले. पैसे तर बंबात गेले होते आणि बंब भिंतीत बसला होता. त्यांनी भाडं मिळाल्याची पावती मोठ्या अक्षरात, शिक्का मारून लिहून दिली, आणि स्वतः साक्षीला येतो म्हणाले. धाकटीने वडिलांकडून पैसे मागवून ताईच्या खात्यात ठेवायचं सुचवलं, आठ दिवसांपुरते. ताई शांतपणे म्हणाली, की दुसऱ्याचे पैसे आपले म्हणून दाखवायचे असते तर अकरा वर्षं नळ्या धुवायची गरज नव्हती.

परवाना कार्यालयात सकाळी नऊ वाजताच रांग लागली होती. ताईने कागदांबरोबर पोथीही पिशवीत टाकली होती. खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या, साखळीला अडकवलेला चष्मा गळ्यात, आवाज सरळ, राग नाही आणि लाडही नाही. त्यांनी कागद चाळले, पावती पाहिली आणि भाड्याचा भाग आकड्यातून वजा करून दिला. धाकटीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांनी सांगितलं, की खाण्यापिण्याचा आणि बाकीचा सरकारी दर धरला तर हे पैसे चार महिनेही पुरत नाहीत. नोकरीचा पगार धरता येत नाही, कारण नोकरी आज आहे, उद्या नाही.

ताईने विचारलं, की सरकारी दराच्या तिसऱ्या हिश्शात जो माणूस जगतो त्याचं काय करता. बाई म्हणाल्या, की तसं सगळेच म्हणतात, पण तसं कुणी जगत नाही.

तेव्हा ताईने पोथी काढून खिडकीच्या फळीवर ठेवली.

रंगमंचावर एखादं माणूस काही न करता नुसतं उभं राहतं आणि सगळं प्रेक्षागृह श्वास रोखतं, तसं त्या हॉलमध्ये झालं. बाईंना अक्षर वाचता येईना, म्हणून त्या ओळीवर बोट ठेवायच्या आणि ताई त्यांच्या भाषेत सांगायची. साबण. तांदूळ. मेणबत्त्या, वीज गेली त्या आठवड्यात. मोज्याची जोडी. बाईंनी दोन पानं पाहिली, मग मधलंच एक उघडलं, मग शेवटचं. चूक पकडायच्या इराद्याने सुरुवात केली होती, पण हळूहळू त्यांचा चष्मा नाकावरच राहिला. त्यांनी विचारलं, थंडीचा कोट कुठे आहे. ताईने पान उलटून दाखवला: शिंपीकाकांच्या दुकानात कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला, अस्तर स्वतः बदललेला. रांगेतला एक दाढीवाला पुढे झुकून पाहू लागला. मागच्या बाईने त्याला विचारलं काय चाललंय, आणि त्याने सांगितलं, की ही बाई चौदा महिन्यांत किती साबण वापरले ते सांगतेय. कुणी हसलं नाही. हा सगळा प्रपंच धाकटीने रोज जवळून पाहिला होता. पण असा एका दमात, पान उलटत उलटत ऐकताना तिला तो एखाद्या मोठ्या लढाईसारखा वाटला, जी एका माणसाने आवाज न करता जिंकत आणली होती.

मग बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. "इथे आकडा का नाही?"

बाईंनी मागची पानं उलटली. तोच शब्द, तीच चिन्हं, पुन्हा आकड्याशिवाय. आणखी मागे पुन्हा एकदा. सगळ्या वहीत फक्त याच तीन ओळी अशा होत्या की ज्यांच्यापुढची जागा कोरी होती.

धाकटीने वाकून वाचलं. 'दात. चौकशी केली.' चौथ्या महिन्यात, सातव्या महिन्यात, अकराव्या महिन्यात.

ताईचा हात नकळत उजव्या गालाकडे गेला होता. धाकटीला आठवलं, की ताई नेहमी डाव्या बाजूने चावते. तिला ती लकब वाटली होती.

ताईने अखेर सांगितलं, की दात दुखतो, तीनदा खर्च विचारला आणि तीनदा तशीच परत आले. बाईंनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच खिडकीतून थोड्या पुढे झुकल्या. आवाज तोच होता, सरळ. "हा दर आम्ही तुम्हाला छळायला ठरवलेला नाही. दात दुखला तर माणसाने दवाखान्यात जावं, म्हणून ठरवलाय."

ताईने गालावरचा हात खाली घेतला.

बाई वही घेऊन आतल्या साहेबांच्या खोलीत गेल्या. वीस मिनिटं लागली. रांग एवढी थांबली तरी कुणी कुरकुर केली नाही. बाई परत आल्या तेव्हा त्यांनी आधी वही दोन्ही हातांनी पुढे ठेवली, मग परवाना. साहेबांना आपल्या अधिकारात देता येतो तेवढा जास्तीत जास्त दिला होता, सहा महिने. पुढचे चार हवे असतील तर पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा खात्यात पैसे.

पायऱ्यांवर उन्हात ताई बराच वेळ उभी राहिली. काम दहा महिन्यांचं आणि हातात सहा. पुन्हा अर्ज करावा तर तोवर खातं आणखी सुकणार, म्हणजे नकार ठरलेला. आणि पदवी अर्धी टाकून परत जायचं, तर विमानतळावर रजा टाकून दादा उभा. धाकटी म्हणाली, "ताई, होईल काहीतरी."

"काहीतरी नको," ताई म्हणाली. "सहा महिन्यांत सगळं."

पण आधी ती दातांच्या महाविद्यालयात गेली, जिथे शिकाऊ डॉक्टर निम्म्याहून कमी पैशात काम करतात. तीन वेळा चौकशी केली होती ती तिथलीच. दुसऱ्या दिवशी तिने तिथे दोन तास आ करून काढले, आणि परत आल्यावर वहीत दातापुढे पहिल्यांदा आकडा पडला. त्या दिवशी डाळ तिने दोन्ही बाजूंनी चावली आणि डाळीला चावायला काय लागतं, असं म्हणून स्वतःच हसत सुटली.

मग जे सुरू झालं ते धाकटी जन्मभर विसरणार नाही. ताईचा प्रयोग असा होता: उभ्या नळीत वाळूचे आणि कोळशाचे थर भरायचे, वरून गढूळ पाणी सोडायचं, खालून येईल ते दिवसातून दोनदा तपासायचं. थरांची प्रमाणं आठ, एकेका प्रमाणाला दहा आठवडे. विभागाकडून काचेच्या नळ्या मिळत दोनच. म्हणजे चार फेऱ्या, चाळीस आठवडे, आणि लिखाण धरून दहा महिने. ताई म्हणाली, की आठही नळ्या एकदम उभ्या केल्या तर पहिल्या फेरीतच खेळ आटोपतो. प्रश्न नळ्यांचा होता, आणि त्यांची किंमत ऐकून कुणाच्याही तोंडचं पाणी पळालं असतं. ताईने किंमत विचारलीच नाही. कारखान्याच्या वाटेवर शोभेच्या माशांचं एक दुकान बंद होत होतं. टाक्यांना पाणी पोचवणारे, पाइपासारखे लांब पारदर्शक नळ मालक तोडून फेकणार होता. ताईने त्या दिवशी दिवसभर त्याचं सामान उचलायला मदत केली आणि संध्याकाळ होण्याआधी सहा नळ खांद्यावर घेऊन, चाळीस मिनिटं चालत, विद्यापीठाच्या दारातून आत शिरली. पहारेकरी बाजूला झाला. एवढ्या लांबीच्या माणसाला कसं अडवायचं त्याला कळेना.

तिचे प्राध्यापक म्हातारे आणि संशयी. त्यांनी सांगितलं, की माशांच्या दुकानातल्या नळावर माझी सही होणार नाही. ताईने वाद घातला नाही. एका काचेच्या नळीत आणि एका माशांच्या नळात एकच मिश्रण भरलं आणि आठ दिवस दोन्हींचे आकडे त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. दोन्हींत तसूभर फरक नव्हता. नवव्या दिवशी प्राध्यापक स्वतः प्रयोगशाळेत आले, नळावर टिचकी मारून पाहिली, आणि कोपऱ्यातलं आपलं कपाट रिकामं करून तिला जागा करून दिली.

आठ नळ्या दिवसातून दोनदा, शनिवार-रविवारसुद्धा. त्यापायी कारखान्यातल्या तीन सकाळींची एकच उरली. म्हणजे सरकारी दराने चार महिने न पुरणारे पैसे सहा महिने पुरवायचे होते, आणि तेही पोटाला चिमटा न घेता, कारण आता ताईने आपल्या पोथीत 'प्रकृती' असा एक वेगळा रकाना आखला होता आणि तो रिकामा ठेवायला स्वतःलाच मनाई केली होती. स्वयंपाक धाकटीने ताब्यात घेतला. पहिल्या दिवशी तिची डाळ गोधडीतून कच्ची निघाली. ताईने ती निमूट खाल्ली आणि एवढंच सांगितलं, की शाल सैल बांधलीस. महिन्याभरात धाकटीचा हात बसला. शिंपीकाका आठवड्यातून एकदा जिने चढून फळं आणून ठेवू लागले. आपल्या बंबामुळे ही वेळ आली असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. ताईने त्यांच्या दुकानातल्या चार पडद्यांना किनार शिवून दिली, तेव्हा कुठे ती फळं गोड लागली.

दहा आठवड्यांनी सातव्या नळीचं पाणी प्राध्यापकांनी उजेडात धरलं. ते इतकं स्वच्छ होतं की पेल्यात आहे की नाही कळेना. मग तो पेला त्यांनी ताईच्या हातात दिला. शाळेच्या नळाला येतं त्याहून गढूळ पाणी तिने वर ओतलं होतं. लिहायला उरलेला वेळ तिने पैशासारखाच वापरला: जेवताना दोन ओळी, चालताना एक परिच्छेद पाठ करायचा आणि पोचल्यावर उतरवून काढायचा. धाकटी तिची प्रेक्षक. सकाळी चुलीपाशी उभं राहून ताई प्रबंधाचं पान म्हणून दाखवायची, आणि जिथे धाकटीचं लक्ष उडेल तिथे खूण करायची, की हे लांबलंय.

एका मंगळवारी ताईने बांधलेला प्रबंध विद्यापीठाच्या कार्यालयात दिला. कारकुनाने त्यावर तारखेचा शिक्का मारला, पोच दिली. दारातून बाहेर आल्यावर ताईने पिशवीतून परवाना काढला आणि पोच त्याच्याशेजारी धरली.

"अकरा," ती म्हणाली. "अकरा दिवस उरले."

निम्म्या खोलीचे पुढचे चार महिने तिच्या नावावर तसेच होते. ते तिने फुकट वाटले असतील असं कुणाला वाटलं तर त्याने ताईला ओळखलं नाही. नवीन आलेल्या एका मुलीला तिने ते तीन महिन्यांच्या भाड्यात दिले. मुलीला वाटलं आपण लुटलं, ताईला वाटलं आपल्याला मिळालं, आणि शिंपीकाकांनी दोघींच्या वतीने तोंडातल्या टाचण्या काढून टाळ्या वाजवल्या. एक तारखेला ताईने दादाला कळवलं: 'अजून आहे. पदवी घेऊन येते. रजा टाक.'

धाकटीला वाटलं होतं, की ही आता तिकीट बदलून लगेच निघेल. रिकामं बसणं तिच्या स्वभावात नाही. पण ताईने जाहीर केलं, की हे अकरा दिवस तिने मिळवले आहेत आणि ती ते खर्च करणार आहे, सगळे. पहिल्या दिवशी ती दहा वाजेपर्यंत झोपली. दुसऱ्या दिवशी दोघी ट्राममध्ये बसल्या आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या. उतरल्याच नाहीत, तिथूनच परत आल्या. वीस महिने पायांनी तुडवलेलं शहर ताईने खिडकीतून पाहिलं. हे इतकं जवळजवळ आहे होय, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने धाकटीला एका जुन्या नाट्यगृहासमोर नेलं. विद्यापीठाच्या वाटेवरचं. तिकिटाच्या खिडकीवर विद्यार्थ्यांना निम्मा दर असं ठळक लिहिलं होतं, आणि धाकटी आपलं ओळखपत्र शोधू लागली.

"राहू दे," ताई म्हणाली. "आज पूर्ण."

आणि तिने पहिल्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या मागितल्या.

आत गार अंधार होता, मखमलीचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. दिवे मंद झाले. पडद्याच्या खालच्या फटीतून कुणाचे तरी पाय इकडून तिकडे गेले, आणि ताईने धाकटीचा हात घट्ट धरला. पडदा वर गेला. समोर एक साधी बैठकीची खोली होती, एक म्हातारा आणि त्याची मुलगी, आणि कशावरून तरी त्यांचं भांडण. भाषा अर्धी कळत होती, अर्धी नाही. पण ताई पुढे सरकून बसली होती. म्हातारा रडू लागला तेव्हा तिचे डोळे भरले. तो थांबला तेव्हा तिने श्वास सोडला. धाकटी नाटक कमी आणि तिलाच जास्त पाहत होती. चौदा महिन्यांचे साबण पाठ असलेली बाई दोन तास काहीही मोजत नव्हती.

शेवटी सगळे नट पुढे येऊन वाकले तेव्हा पहिल्या रांगेतून एकटी ताई उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. मग मागचे उठले, मग सगळेच. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्याने तिच्याकडे पाहून पुन्हा एकदा, जरा खाली वाकून, नमस्कार केला.

बाहेर लख्ख ऊन होतं. ताई नाट्यगृहाच्या पायरीवर थांबली, डोळे पुसले, आणि तिकिटाच्या खिडकीकडे बोट केलं.

"उद्या किती वाजता आहे, विचार बरं."